मानसशास्त्र शिकायचे, पण कोठे?

सिल्वासा हे आमचे गाव एका बाबतीत मोठे चमत्कारिक आहे. सायली रस्त्यावरील एस.एस.आर. महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठास जोडलेले, तर डोकमर्डीचे सरकारी महाविद्यालय सुरतेच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या छत्राखाली वाढलेले. एकाच आळीतील दोन मुले दोन राज्यांच्या विद्यापीठांची पदवी घेऊन घरी येतात आणि आईबापांस त्यात काही नवल वाटत नाही. अपील करावयाचे तर मुंबई उच्च न्यायालयात, आगगाडी पकडावयाची तर गुजरातच्या वापी स्थानकावर, आणि कारभार दिल्लीचा, असे आमचे जिणे आहे. पेशव्यांनी १७८३ साली नगरहवेली पोर्तुगीजांच्या पदरात टाकली आणि १९५४ साली मुक्तिसैनिकांनी, ज्यांत आपले सुधीर फडकेही होते, ती सोडविली. २०२० साली दमण-दीवशी आमची मोट बांधली गेली. मधल्या सर्व काळात आम्ही तिठ्यावरच उभे आहोत. तिठ्यावर राहणाऱ्यास वाटा पुष्कळ दिसतात, हा त्याचा लाभ. आणि कोणती धरावी हे कळत नाही, हा त्याचा जाच.

हे सर्व सुचण्याचे कारण आमच्या एका वाचक भगिनीचे पत्र. त्यांची कन्या मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली, गुण चांगले आहेत, एम.ए. करण्याची ओढ आहे. यजमानांचे म्हणणे सुरत बरी, प्रसंगी रोज जाऊन येता येईल. दादरचे मामा म्हणतात, मुंबईस पाठवा, आमच्याकडे राहील. बडोद्याच्या आत्याबाई बडोद्याचा आग्रह धरून बसल्या आहेत. कन्येच्या मनात पुणे आहे, आणि मैत्रिणींचे ऐकून अलीकडे दिल्लीही आली आहे. त्यातच एका खासगी विद्यापीठाचे गुळगुळीत माहितीपत्रक घरी येऊन पडले असून त्यावर ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ हे शब्द ठळक अक्षरांत आहेत. “यांतले चांगले कोणते, तेवढे एका ओळीत कळवा,” असे ताईंनी लिहिले आहे.

ताईंची क्षमा मागून सांगतो, की हे एका ओळीत सांगता येणार नाही. जो सांगेल त्याचे ऐकूही नये. स्थळ पाहताना आपण घराणे, शिक्षण, नोकरी सारे विचारतो. पण त्याआधी मुलीच्या मनात काय आहे ते विचारावे लागते. येथेही तसेच आहे. एम.ए. झाल्यावर तिला करावयाचे काय आहे? शाळेत मुलांशी बोलावयाचे, कारखान्यात माणसे निवडावयाची, महाविद्यालयात शिकवावयाचे, की रुग्णालयात रुग्णांसमोर बसावयाचे? या चार वाटा दोन वर्षे एकत्र चालतात आणि मग फुटतात. शेवटच्या वाटेवर एक फाटक आहे. ते पुष्कळांस शेवटपर्यंत दिसत नाही, म्हणून त्याविषयी प्रथम लिहितो.

आपल्याकडे सर्वसाधारण समज असा, की मानसशास्त्राचा एम.ए. झाला म्हणजे मनुष्य मानसोपचार करण्यास मोकळा झाला. वस्तुस्थिती तशी नाही. औषधे लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ हा मुळात वैद्यकीचा पदवीधर असतो, हे तर आता बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु औषधाविना उपचार करणारा आणि रुग्णाच्या मानसिक कसोट्या घेऊन दाखला देणारा जो ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’, त्यासही कायद्याची चौकट आहे. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे या व्यावसायिकांची नोंदणी सोपविली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर व्याख्याच करून ठेवली आहे: परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतून चिकित्सा मानसशास्त्राची मान्य पात्रता हवी, किंवा मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीनंतर त्या विषयाचे दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल., आणि तेही प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या देखरेखीखालील शिक्षणासह. म्हणजे साधा एम.ए. हा दिंडीदरवाजा झाला. वाडा त्याच्या आत आहे.

त्यात आणखी एक गुंता झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली. चिकित्सा मानसशास्त्रापुरती तिला २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत वाढवून दिली गेली, आणि दरम्यान परिषदेने आपल्या अभ्यासक्रमांची फेररचना हाती घेतली. २०२१ सालच्या दुसऱ्या एका कायद्याने संलग्न आरोग्यव्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला, त्याच्या कक्षेतही मानसशास्त्राचे व्यवसाय येतात. अशा बदलत्या काळात माहितीपत्रकावरील ठळक अक्षरांवर विसंबून लाखांची फी भरणे धोक्याचे आहे. पदवीच्या नावात ‘क्लिनिकल’ हा शब्द असणे निराळे आणि त्या अभ्यासक्रमास त्या वर्षी परिषदेची मान्यता असणे निराळे. मान्यता असेल तर ती परिषदेच्या स्वतःच्या यादीत असते. तेथे नाव नसेल, तर संस्थेच्या कचेरीतील गृहस्थाने “होऊन जाईल” म्हटले तरी पैसे भरू नयेत. आम्ही हे इतके स्पष्ट लिहितो, कारण यात जाते ते केवळ द्रव्य नव्हे. बाविसाव्या वर्षी चुकलेली दोन वर्षे चोविसाव्या वर्षी परत आणता येत नाहीत. आणि मुलीच्या बाबतीत तर त्या सुमारास घरात दुसऱ्याच गोष्टींची घाई सुरू झालेली असते.

दूरशिक्षणाने एम.ए. करून घ्यावे, असा विचारही ताईंच्या पत्रात एके ठिकाणी डोकावतो. हा मार्ग पूर्वी होता, आणि संसार सांभाळून त्या मार्गाने शिकलेल्या स्त्रियांबद्दल आम्हांस आदर आहे. परंतु २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करण्याचा आदेश अनुदान आयोगाने काढला. तेव्हा तो विचार मनातून काढून टाकावा.

आता विद्यापीठांकडे वळू. कुळाच्या नावावरून जसा काही बोध होतो, तसा विभागाच्या नावावरूनही होतो, असे आमचे निरीक्षण आहे. भारतात मानसशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग कलकत्त्यास १९१६ साली निघाला आणि १९२४ मध्ये म्हैसूरने त्याचा कित्ता गिरविला. त्याआधी हा विषय तत्त्वज्ञानाच्या ओसरीवर आश्रितासारखा राहत असे. पुणे विद्यापीठ १९४९ सालचे. तेथील विभाग पुष्कळ वर्षे ‘प्रायोगिक मानसशास्त्र’ या नावाने ओळखला जाई, आणि प्रा. वा. कृ. कोठुरकरांसारख्यांनी अध्ययन आणि स्मृती या विषयांत प्रयोगाची शिस्त तेथे रुजविली. मुंबई विद्यापीठाचा कालिन्यातील विभाग ‘उपयोजित’ म्हणविला गेला. गिरण्या, कारखाने, कचेऱ्या आणि इस्पितळे यांच्या गर्दीतल्या शहराने विषय हातात घेतला तो वापरण्यासाठी. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठही १९४९ चेच. तेथे मानसशास्त्र आहे ते शिक्षणशास्त्राच्या बिऱ्हाडी, एकाच विद्याशाखेत. ज्या राज्याने १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले, तेथे मनाचा अभ्यास शाळेच्या शेजारी बसावा हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

अभ्यासक्रम नंतर पुष्कळ बदलले, सर्वत्र सर्व शाखा थोड्याफार शिकवितात, हे आम्हांस मान्य आहे. तरीही घराण्याचे वळण सहजासहजी जात नाही. पुढे संशोधन व अध्यापन करावयाचे असेल, तर आम्ही पुण्याकडे बोट दाखवू. कारखान्यांतील नोकरी हवी असेल तर मुंबई. या प्रदेशात मसाट-पिपरियाकडे कारखान्यांची कमी नाही, आणि मुंबईत शिकलेल्या मुलास त्यांच्या भाषेत बोलता येते. शाळेतील मुलांसाठी काम करावयाचे असेल तर बडोद्याचा विचार अवश्य करावा. केंद्रीय परीक्षा मंडळाच्या शाळांनी समुपदेशक नेमावा असा नियम आहे, आणि त्या कामास मानसशास्त्राची पदवी पुरते. परिषदेच्या फाटकाशी तेथे गाठ पडत नाही. पगाराविषयी मात्र भलत्या कल्पना करून घेऊ नयेत. मामांच्या मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थाही आहे, १९३६ सालची. पण तेथे प्रवेशासाठी देशभरची मुले रांगेत असतात.

राहिली रुग्णालयाची वाट, जी या कन्येस धरावयाची आहे असे पत्रावरून दिसते. तिच्यासाठी आमचा निकष एकच: विद्यापीठाच्या भिंतीपासून मनोरुग्णालयाचे दार किती दूर आहे आणि ते विद्यार्थ्यांस किती वेळा उघडते. पुण्याजवळ येरवडा आहे, मुंबईजवळ ठाणे आहे. महाराष्ट्राच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ही दोन. बडोद्यास कारेलीबागेत सरकारी मनोरुग्णालय आहे. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था आहे. पुण्यात १९६२ पासूनची ज्ञान प्रबोधिनी आणि तिची प्रज्ञा मानस संशोधिका, व्यसनमुक्तीसाठी १९८६ साली निघालेले मुक्तांगण, अशी काम शिकण्याची ठिकाणे आहेत. इमारती पाहून भुलू नये. विभागात जाऊन दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींस बाजूला घ्यावे आणि विचारावे: गेल्या वर्षात प्रत्यक्ष किती रुग्णांशी बोललात? शेजारी बसून चूक दाखविणारे कोणी होते काय? कसोट्यांच्या पेट्या कपाटाबाहेर निघतात, की कुलपातच असतात? प्राध्यापकांच्या किती जागा भरलेल्या आहेत, हेही अवश्य विचारावे. अर्ध्या जागा रिकाम्या असलेल्या नामवंत विभागापेक्षा भरलेला साधा विभाग बरा. आणि या मार्गाने जाणाऱ्याने एम.ए. नंतर बंगळूरचे निम्हान्स किंवा रांचीची १९१८ सालची केंद्रीय संस्था यांसारख्या ठिकाणच्या प्रवेशपरीक्षांची तयारी पहिल्या वर्षापासूनच मनात धरावी.

आता भाषा. ताईंच्या पत्रात हा मुद्दा कोठेच नाही, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा हाच आहे.

डोळ्यांच्या वैद्यास रुग्णाची भाषा थोडी आली तरी चालते. मनाच्या वैद्याचे साधनच भाषा. आपल्या घरातील बाई “जीव घाबरा होतो”, “काळजात धस्स होते”, “कशात मन लागत नाही” असे म्हणते. शेजारची गुजराती भगिनी “जीव मुंझाय छे” म्हणते. या चारांत चार निराळ्या यातना आहेत, आणि इंग्रजी पुस्तकातील एक शब्द त्या सर्वांवर सारखाच पांघरूण घालतो. ज्या मुलीने दोन वर्षे केवळ त्या एका शब्दात उत्तरे लिहिली, ती रुग्णासमोर बसल्यावर अडखळते. तिला सारे ठाऊक असते, पण विचारावे कसे ते कळत नाही. सासूशी पटत नाही हे सुनेकडून वदवून घेण्यास केवढी भाषा लागते, हे आमच्या वाचक भगिनींस आम्ही सांगावयास नको.

ही अडचण आजची नाही. धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांना फ्रेंच बिने कसोटी कानडी आणि मराठी मुलांसाठी जवळजवळ नव्याने मांडावी लागली. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० सालचा, आणि बिने-कामत कसोटी हे नाव आजही बालमार्गदर्शन केंद्रांत ऐकू येते. नागपुरास डॉ. मालिन यांनी वेक्सलरच्या कसोटीचे भारतीय मुलांसाठी असेच रूपांतर केले. परक्या मुलास विचारलेला प्रश्न आपल्या मुलास तसाच विचारला तर बुद्धीची परीक्षा न होता परकेपणाची होते, हे त्यांनी ओळखले होते. २०२२ साली सरकारने टेलिमानस ही दूरध्वनीवरील सेवा सुरू केली, तीही अनेक भाषांत ठेवावी लागली.

आमच्या प्रदेशात तर भाषांचा बाजारच भरलेला आहे. २०११ च्या जनगणनेत दादरा नगरहवेलीची वस्ती ३ लाख ४३ हजारांच्या घरात होती. त्यात निम्म्याहून अधिक आदिवासी: वारली, कोकणा, धोडिया. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया अवघ्या ७७४. हा आकडा पाहून चकित होण्याचे कारण नाही. कारखान्यांसाठी उत्तरेकडून व पूर्वेकडून एकटे आलेले हजारो तरुण त्यात आहेत. एका खोलीत पाचसहा जण राहतात, पाळ्या बदलत राहतात, झोपेचे गणित बिघडते. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी आणि येथे दुकाने उघडी, त्याचे परिणाम निराळे सांगावयास नकोत. खानवेल-दूधनीकडील कुटुंब मुलास रुग्णालयात आणते तेव्हा ते बहुधा आधी भगताकडे जाऊन आलेले असते, आणि त्यास हसणारी डॉक्टरीणबाई त्यांना पुन्हा दिसत नाही. येथे काम करावयाचे तर मराठी, गुजराती आणि हिंदी या तिन्ही कानांनी ऐकता आले पाहिजे, वारली बोलीचा कानोसा घेता आला पाहिजे.

म्हणून दिल्लीविषयी आम्ही थोडे हात राखून बोलतो. दिल्लीची विद्या कमी नाही. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांचा प्रवेश देशव्यापी परीक्षेने होतो, कन्येने ती परीक्षा जरूर द्यावी. पण तिला परत येऊन आपल्याच मुलखात बसावयाचे असेल, तर प्रात्यक्षिकांची दोन वर्षे तिने याच मुलखातील माणसांत काढावी, असे आम्हांस वाटते. बडोद्यास वर्ग इंग्रजीत चालतात, रुग्ण गुजरातीत बोलतो आणि आत्याबाईंच्या घरी मराठी असते. यात अडचण पाहणाऱ्यास अडचण दिसेल, आम्हांस सोय दिसते. पुण्यास मराठी पक्की होईल, गुजराती मागे पडेल. सुरतेविषयी यजमानांचा युक्तिवाद आम्ही समजू शकतो. वापीहून सुरत दीड तासावर आहे, आणि लिंबायत-उधन्याकडे खानदेशी मराठी माणसांची केवढी वस्ती आहे. परंतु सिल्वासा ते वापी, वापी ते सुरत आणि उलट, अशा रोजच्या चारपाच तासांच्या प्रवासात प्रात्यक्षिकांसाठी संध्याकाळ उरत नाही. सुरत निवडली तर सुरतेत राहावे.

आमचा कौल विचाराल, तर या कन्येसाठी प्रथम बडोदे, मग पुणे. तिची बी.ए. पुणे विद्यापीठाखालच्या महाविद्यालयातून झाली असेल, तर हा क्रम उलटाही करता येईल. तिला विद्यापीठ बदलल्याचे दाखले काढत बसावे लागणार नाही.

दाखल्यांचा विषय निघालाच आहे, तर एकदोन गोष्टी. गुजरातेतील सरकारी विद्यापीठांचे अर्ज २०२४ पासून राज्याच्या एकाच सामाईक व्यवस्थेतून भरावे लागतात. बडोद्याच्या कचेरीत हेलपाटा घालण्याआधी हे ध्यानी ठेवावे. विद्यापीठ बदलणाऱ्याने मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्ज निकालाच्या दिवशीच करावा. आणि ज्या घरांत जातीचा दाखला आहे, त्यांनी हे नीट समजून घ्यावे, की एका राज्यातील वा प्रदेशातील अनुसूचित जाती-जमातीचा दाखला दुसऱ्या राज्याच्या राखीव जागांसाठी आपोआप चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली हा निर्णय दिला तो मुंबईतीलच एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशावरून. वडील नोकरीनिमित्त आंध्रातून मुंबईस आलेले होते. २०१८ मध्ये घटनापीठाने तेच पुन्हा सांगितले. केंद्रीय विद्यापीठांत मात्र तो दाखला चालतो. आपल्यासारख्या तिठ्यावरच्या लोकांस याचा फटका नेमका प्रवेशाच्या दिवशी बसतो, खिडकीपाशी.

यजमानांनी विचारलेला आणखी एक प्रश्न ताईंनी संकोचाने लिहिला आहे: “मुलीने वेड्यांत बसावे काय?” त्यांना घेऊन ताईंनी एकदा येथल्या विनोबा भावे सरकारी रुग्णालयात सकाळी दहा वाजता जावे आणि मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग कोणत्या बाजूस आहे ते विचारून त्या दारासमोरच्या बाकावर अर्धा तास बसावे. तेथे कोण कोण येते ते त्यांनी पाहावे. अर्ज भरण्यास त्यानंतरही वेळ आहे.